वहीतला तिसरा रकाना

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला मानसिक आरोग्य परिचर्येची पोस्टिंग लागली, की 'प्रोसेस रेकॉर्डिंग' नावाचं एक काम मागे लागतं. वॉर्डातल्या एका रुग्णाशी बोलायचं आणि नंतर बाजूला बसून ते बोलणं आठवेल तितकं शब्दशः लिहून काढायचं. कागदावर उभे रकाने आखलेले असतात. कॉलेजागणिक नमुना बदलतो, पण साधारणपणे पहिल्या रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो आणि तिसऱ्यात आपल्या त्या वाक्यानं नेमकं काय केलं ते येतं. दिलासा दिला, उपदेश केला, विषय बदलला की ऐकून घेतलं?

समजा रुग्ण म्हणाला, "सिस्टर, रात्री झोप लागत नाही. आई हाक मारते." विद्यार्थिनी म्हणाली, "काळजी करू नका, गोळ्या वेळेवर घ्या, सगळं नीट होईल." कानाला छान वाटतं. पण तिसऱ्या रकान्यात याला 'खोटा दिलासा' लिहावं लागतं आणि ट्यूटर मॅडम लाल पेनानं विचारतात: आई कुठे असते? ती काय सांगते? आई गावाकडे एकटी असेल तर ही काळजी असू शकते. ती वारलेली असेल तर हा भास असू शकतो किंवा शोक. आणि ती 'माझ्याकडे ये' म्हणत असेल, तर त्या रात्री या माणसाला एकटं सोडायचं नाही. 'काळजी करू नका' म्हणताच या सगळ्या वाटा बंद झाल्या. काळजी खरं तर विद्यार्थिनीची मिटली. तिला अवघड विषयातून सुटका हवी होती.

मुलामुलींना हे काम फार कंटाळवाणं वाटतं. सीनियरच्या फायलीतून संवाद उतरवून काढणारेही असतात. तरी मला वाटतं, आपल्याकडच्या आरोग्यशिक्षणात मानसिक आजाराबद्दल जे काही शिकवलं जातं, त्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. कारण इथे विद्यार्थ्याचं स्वतःचं बोलणं कुणीतरी तपासतं.

या पद्धतीमागे अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेपलाऊ यांचा मोठा हात आहे. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं त्यांनी मांडलं आणि आपल्या विद्यार्थिनींकडून रुग्णांशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून घेऊन त्याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९४८मध्ये तयार होतं, पण छापून आलं १९५२मध्ये. सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टरचं नाव नसताना नर्सनं पुस्तक लिहिणं त्या काळी धाडसाचं मानलं जाई.

आता शेजारच्या इमारतीत, एमबीबीएसच्या वर्गात जाऊ. इथे असा रकाना नाही. मानसोपचाराची काही आठवड्यांची पोस्टिंग असते, लेक्चर असतात, पण अंतिम परीक्षेत स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात एखाददुसरा प्रश्न येतो, आणि विद्यार्थी हिशेबी असतात. २०१९पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात संवादकौशल्य आणि नीतिमूल्यांचे तास आले, २०२१च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे केले. सुधारणा खरी आहे. पण तासाला हजर राहणं आणि रुग्णासमोर तोंड उघडल्यावर काय होतं हे कुणी पाहणं, यात अंतर आहे.

काय होतं, हे मोजलं गेलंय. १९८४मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला मधे बोलत होते, आणि ज्यांचं पहिलं निवेदन पुरं झालं असे रुग्ण चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. 'बोलू दिलं तर हे थांबायचेच नाहीत, बाहेर रांग लागलीय,' हा यावरचा ठरलेला बचाव. त्याचीही तपासणी झाली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितलं, की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत बोलायचं नाही. ३३५ रुग्णांचा हिशेब २००२मध्ये प्रसिद्ध झाला: सरासरी ९२ सेकंद. दोन मिनिटांत ७८ टक्के लोकांचं सांगून झालं होतं. आपल्या सरकारी ओपीडीत दोनशे केसपेपर समोर असताना दीड मिनिटही मोठं असतं, हे मान्य. पण ज्या बाईचं डोकं, पाठ, अंग असं सगळंच सहा महिने दुखतंय आणि जी दर पंधरा दिवसांनी बी-कॉम्प्लेक्स आणि वेदनाशामक घेऊन परत जाते, तिच्यावर एकूण किती मिनिटं गेली याचा हिशेब कुणी मांडत नाही.

नैराश्य आपल्याकडे बहुतेकदा असंच येतं. 'मला नैराश्य आलंय' असं क्वचितच कुणी म्हणतं. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, अंगात आग होते, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, असं म्हणतात. यातलं शेवटचं वाक्य डॉक्टरच्या कानावर यायला बऱ्याचदा नव्वदावा सेकंद उजाडावा लागतो.

आणखी एक अडचण जागेची आहे. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या पोस्टिंगसाठी तिथे जातात. जाताना डोक्यात गावभरचे 'येरवड्याला पाठवा याला' छापाचे विनोद असतात. तिथे जे दिसतं, ते खरंच असतं, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी १९८४मध्ये याला उपचारकाचा दृष्टिभ्रम म्हटलं. गणित सोपं आहे. समजा एका वॉर्डात वर्षभरात १०० जण दाखल झाले. त्यांपैकी ९५ जण तीन आठवड्यांत बरे होऊन घरी गेले, ५ जण वर्षभर राहिले. कुठल्याही एका दिवशी वॉर्डात पहिल्या गटातले किती सापडतील? ९५ गुणिले २१ भागिले ३६५, म्हणजे साडेपाच. दुसऱ्या गटातले पाचही. त्या दिवशी आलेल्या विद्यार्थ्याला जवळपास निम्मा वॉर्ड बऱ्या न होणाऱ्यांचा दिसतो. प्रत्यक्षात शंभरातले पंचाण्णव केव्हाच घरी पोचलेले असतात, आणि घरी गेलेल्यांना तो कधी भेटत नाही.

बाहेरचं जग वेगळं असतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र आजार त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नैराश्य, चिंता आणि दारूचे प्रश्न त्याहून कितीतरी जास्त. बहुतेकांवर उपचार होत नव्हते. म्हणजे विद्यार्थी शिकतो अर्ध्या टक्क्याच्या वॉर्डात आणि नोकरीला लागतो उरलेल्या दहा टक्क्यांच्या ओपीडीत. मनोरुग्णालयातली पोस्टिंग बंद करा, असं मी म्हणत नाही. तिथल्या माणसांनाही चांगली नर्स हवीच. पण निम्मे दिवस तरी मेडिसिनच्या ओपीडीत, प्रसूतीच्या वॉर्डात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काढावेत. शिवाय बरं होऊन कामावर गेलेल्या माणसाला वर्गात बोलवावं. पूर्वग्रह कमी करण्याच्या उपायांवरच्या ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२मध्ये आला. त्यात प्रौढांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा प्रत्यक्ष भेटीचा परिणाम जास्त दिसला.

सगळ्यात अवघड प्रश्न कॅज्युअल्टीत उभा राहतो. ग्रामीण भागात इंटर्नला रात्रपाळीत कीटकनाशक प्यायलेला रुग्ण भेटणं नवलाचं नाही. पोट धुणं, ॲट्रोपिनचा डोस, बुबुळांवर नजर, सगळं त्याला पाठ असतं आणि तो जीव वाचवतोही. चार दिवसांनी डिस्चार्ज. या चार दिवसांत 'अजून जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' हे विचारलं गेलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. विचारलं तर त्याच्या डोक्यात पुन्हा तेच येईल, अशी भीती असते. ही भीती नैसर्गिक आहे, पण तिला आधार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २००५मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न घातले, निम्म्यांच्या नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना ते प्रश्न विचारले, तेव्हा आधी विचारलेल्या गटात असे विचार किंवा मनाचा त्रास वाढलेला आढळला नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ सांगतो, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरावं. कायदा विद्यार्थ्याला पाठ होतो. ते एक वाक्य जिभेवर यायला मात्र ते मोठ्यानं, कुणाच्या तरी देखत, पाच-सात वेळा म्हणून पाहावं लागतं.

ते म्हणून पाहायचं कुणासमोर? खऱ्या रुग्णावर सराव कसा करणार? यावर १९६३मध्ये हॉवर्ड बॅरोज या लॉस एंजेलिसच्या मेंदूविकारतज्ज्ञानं उपाय काढला: निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवायची. काहींना हे हॉलिवूडच्या शेजाराचं खूळ वाटलं. आज ती जगभरची रीत आहे. १९७५मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी छोट्या छोट्या टप्प्यांची परीक्षा आणली, जिला आपले विद्यार्थी 'ऑस्की' म्हणतात. दोन्ही जोडल्या, की आठ मिनिटांत विद्यार्थी नैराश्याच्या रुग्णाशी कसा बोलतो याला गुण देता येतात. हौशी नाटकवाल्यांची महाराष्ट्रात तरी टंचाई नाही.

अशा तपासणीतून किती साधतं, हे गोव्यात दिसलं. 'संगाथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. समुपदेशक होते मानसोपचाराची पदवी नसलेले स्थानिक लोक. सुमारे तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, मग काही महिन्यांची उमेदवारी. रुग्णाला आठवड्याला एक अशी सहा ते आठ सत्रं, आणि त्यात भर एकाच गोष्टीवर: बंद पडलेली रोजची कामं आणि गाठीभेटी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. मला महत्त्वाची वाटते ती पडद्यामागची शिस्त. सत्रं ध्वनिमुद्रित होत, समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची ऐकत आणि त्यांना गुण देत. साडेपाच वर्षं शिकलेल्या डॉक्टरच्या वाट्याला हे बहुधा एकदाही येत नाही.

शिकणाऱ्याच्या स्वतःच्या मनाचं काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात सहसा कुठेच बसत नाही. २०१६मध्ये ४३ देशांतल्या सुमारे १ लाख २२ हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांचा एकत्र आढावा निघाला. २७.२ टक्क्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती. ज्यांना ती होती, त्यांतल्या जेमतेम १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले. माहितीचा अभाव हे कारण इथे देता येत नाही, लक्षणांची यादी त्यांना तोंडपाठ असते. आपल्याकडची एक गोष्ट मात्र सहज कळण्यासारखी आहे: कॉलेजातल्या मानसोपचार विभागात जे सर तपासणार, तेच व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसणार, आणि केसपेपर काढताना खिडकीवर ओळखीचंच कुणी असणार. विद्यार्थ्यांसाठीचा समुपदेशक विभागाबाहेरचा आणि परीक्षांशी संबंध नसलेला नेमणं, नोंदी वेगळ्या ठेवणं, यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, डीन कार्यालयाचं एक परिपत्रक पुरतं. तोवर ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं, आणि ती विद्यार्थ्यांइतकीच हा लेख वाचणाऱ्या कुणासाठीही आहे.