‘प्रिसिजन’ चालू म्हणजे नेम अचूक?

“विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ चालू ठेवा, गेममध्ये नेम पक्का बसतो,” हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. नावच असं, की विश्वास बसणं साहजिक आहे. प्रत्यक्षात हे अ‍ॅक्सिलरेशन आहे: हात तेवढाच सरकला तरी झपाट्याने हलवल्यास कर्सर जास्त लांब जातो. मग हाताला अंतराची सवय लागणार कशी?

पडताळा सोपा आहे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या भाच्याच्या टेबलावर मी दोन जाड वह्यांमध्ये माउस ठेवला, कर्सर पडद्याच्या मधोमध. उजव्या वहीपर्यंत सावकाश नेला, झटक्यात परत आणला. कर्सर मूळ जागेच्या बराच डावीकडे! माउसच्या पॉइंटर ऑप्शन्समधली ती खूण काढली, तर जवळपास जिथल्या तिथे. रॉ इनपुट वापरणाऱ्या, म्हणजे विंडोजची ही सेटिंग टाळून माउसची हालचाल थेट वाचणाऱ्या गेममध्ये मात्र या खुणेने फरक पडत नाही. तिथे गेममधली सेन्सिटिव्हिटीच तपासा.