वाटणे आणि येणे

2019 साली एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम, लागू झाला आणि वेळापत्रकात स्वयं-अध्ययनाचे तास आले. शिक्षक वर्गात नसलेला तास, एवढाच त्यांचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. वस्तुतः जठरातील व्रणामागे अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1980च्या दशकात दाखवले, तेव्हा आम्ल आणि मानसिक ताण हीच कारणे शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना पुन्हा वर्गात बसवणारे कोणी नव्हते. जे नवे शिकले ते आपापले शिकले, आणि हे तास त्याच सवयीसाठी आहेत.

मात्र आपले आपण शिकायचे तर आपल्याला काय येत नाही हे आधी कळावे लागते, आणि नेमके तिथेच मन फसवते. डॉक्टरांच्या आत्ममूल्यमापनावरील अभ्यासांचा 2006 साली आढावा घेतला गेला, तेव्हा 20पैकी 13 तुलनांत स्वतःचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजलेले कौशल्य यांचा मेळ फारसा बसला नाही, काही ठिकाणी तर तो उलटा निघाला. पुन्हा पुन्हा वाचलेला मजकूर डोळ्यांखालून सहज सरकतो आणि त्या सहजतेलाच आपण ज्ञान समजतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात नुसते वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

म्हणून अंदाज आधी आणि उत्तर नंतर, हा क्रम वॉर्डात पाळावा लागतो. रुग्णाच्या पाठीवर डावे मधले बोट टेकवून त्यावर उजव्या बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आत फुप्फुसाभोवती पाणी असेल किंवा न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झालेले असेल. रुग्णाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावून त्याच जागी स्टेथोस्कोप ठेवावा: घट्ट फुप्फुसातून आवाज वाढून येतो, पाण्यामागे तो दबतो. विद्यार्थ्याने आपले निदान, त्याची खात्री दहापैकी किती आणि कोणत्या खुणेवरून, हे वहीत लिहावे आणि मगच एक्स-रे पाकिटातून काढावा. चुकलेले निदान खोडू नये, शेजारी तारीख घालून बरोबर निदान लिहावे. महिन्याभराने वही उघडली की आपण खात्रीला दहापैकी नऊ गुण कुठे उगाच देत होतो ते दिसते, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या रुग्णांपाशी जास्त वेळ थांबायचे हेही.