क्वालिटी कंट्रोल (पॅथॉलॉजी लॅब)

पेशंटचं रक्त मशीनवर चढवायच्या आधी, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं मटेरियल त्याच मशीनवर चालवून मशीन ठीक चाललंय का ते बघायचं, याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. लॅबवाले नुसतं 'कंट्रोल लावला का?' असं विचारतात. चिपळूण असो की कणकवली, उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग लागायच्या आत हे उरकायचं असतं.

मूळ कल्पना कारखान्यातली. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट, म्हणजे रीडिंग ठिपक्यांनी दाखवणारा आलेख, मांडला, १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो लॅबमध्ये आणला. पुढे १९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीचा ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आला, मशीन भराभर रिपोर्ट काढायला लागलं आणि चुकलं तर चुकाही त्याच स्पीडने निघणार, त्यामुळे चार्टशिवाय भागेना. १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड यांनी त्यावर नियम बसवले, तेच आजही चालतात.

चार्ट कसा वाचायचा? समजा ग्लुकोजच्या कंट्रोलचा मीन (सरासरी) १०० आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रीडिंग सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात त्याचं माप) ३. मीन काढायला निदान २० रीडिंग लागतात, आणि ती एकाच दिवसात उरकली तर रोजचा चढउतार त्यात येतच नाही. ९४ ते १०६ मध्ये ठिपका पडला तर ठीक, बाहेर गेला तर वॉर्निंग, ९१ ते १०९ च्याही बाहेर गेला तर रन (त्या वेळची तपासणीची फेरी) थांबवायचा. सलग दोन ठिपके एकाच बाजूला २ एसडीपलीकडे गेले की कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं) किंवा रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) नवा लॉट तपासायचा. वेगवेगळ्या पातळीचे दोन कंट्रोल, म्हणजे दोन लेव्हल लावल्या आणि एक लेव्हल वर, दुसरी खाली अशी उडाली तर बुडबुडा, पिपेट नाहीतर व्होल्टेज. सलग दहा ठिपके मीनच्या एकाच बाजूला आले तर एकही आऊट नसला तरी गडबड आहेच, आणि हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील तर बऱ्याचदा मशीनमधला दिवा म्हातारा झालेला असतो.

आता खरी दुखरी गोष्ट. कंट्रोल आऊट गेला की परत लावायचा, परत आऊट तर परत, आत आला की 'पास झाला'. ही सवय सर्रास दिसते आणि तिला काही अर्थ नाही. मशीन अगदी ठणठणीत असलं तरी दोन लेव्हल लावल्यावर शंभरातल्या साधारण नऊ रनमध्ये एखादा ठिपका २ एसडीबाहेर जाणारच, म्हणून नुसत्या २ एसडीवर रन फेकायचा नसतो, पण खरोखर बिघडलेलं मशीनही तिसऱ्या-चौथ्या वेळी नशिबाने आत येतंच की! कारण शोधा, लिहून ठेवा, मग पुढे चला.

कारण बऱ्याचदा कंट्रोलच्या व्हायलमध्येच (छोट्या बाटलीत) सापडतं. बायोकेमिस्ट्रीचा (शुगर, बिलिरुबिन वगैरे तपासण्यांचा) कंट्रोल बऱ्याचदा पावडर असतो, त्यात पिपेटने मोजून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, फेस न आणता हलक्या हाताने फिरवायचं आणि पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं. पाणी जरा कमी पडलं तर सगळी पॅरामीटर एकदम चढतात, अशा वेळी मशीनला शिव्या न घालता आधी पिपेट बघावी. विरघळवलेला कंट्रोल उजेडात ठेवला तर त्यातलं बिलिरुबिन (काविळीत बघतात ते) उतरतं.

कोकणात यात लाईटचा प्रश्न मोठा. सेल काउंटरचा (रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनचा) कंट्रोल म्हणजे टिकवलेलं रक्तच, ते २ ते ८ डिग्रीत हवं, आणि चुकून गोठलं तरी वाया. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, अशात इन्व्हर्टर मशीनला पुरवायचा की फ्रिजला? पावसाळ्यातल्या दमट हवेत युरिन स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर स्ट्रिपही खराब होतात, म्हणून त्यांनाही कंट्रोल लावायचा.

रोजच्या कंट्रोलवरून आपलं मशीन कालच्यासारखंच चालतंय का एवढंच कळतं, बाकीच्या लॅबशी जुळतंय का ते कळायला बाहेरची तपासणी लागते. त्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था सँपल पाठवतात. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता हवी असेल तर आयएसओ १५१८९ या मेडिकल लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हे सगळं करावंच लागतं.

आणि कंट्रोल पास म्हणजे रिपोर्ट बरोबर असंही नाही. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) संशयावरून प्लेटलेटची सँपल येत राहतात, त्यातल्या एखाद्यात ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या रसायनामुळे) प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की कंट्रोल अगदी मीनवर असूनही काउंट खोटा कमी येतो. अशा वेळी स्लाइड काढून मायक्रोस्कोपखाली बघायची, गुठळ्या दिसल्या तर सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये नवीन सँपल घेऊन परत काउंट करायचा.