गेम मास्टर डाइसचा आकडा का बदलतो? पडद्यामागच्या रोलची जुनी गोष्ट

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग खेळ, प्रत्येक प्लेअर एक कॅरेक्टर चालवतो आणि गेम मास्टर बाकीचं जग चालवतो आणि निकाल देतो. त्याच्या २०१४ च्या रुल्सप्रमाणे पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या विझार्डकडे (जादूगाराकडे) धरा ७ हिट पॉइंट आहेत, म्हणजे तेवढा मार खाल्ला की तो आडवा. समोर एक गॉब्लिन, म्हणजे अगदी किरकोळ शत्रू. गेम मास्टरने समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागे वीस बाजूंचा डाइस टाकला, २० पडले, क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे डाइस डबल, दोन्हीवर ६ आणि वरचे २, झाले १४. सातात विझार्ड आडवा, आणि उरलेले ७ त्याच्या पूर्ण हिट पॉइंटइतके, म्हणजे जागीच ठार, वाचायला एक रोल पण मिळत नाही. खेळ सुरू होऊन अर्धा तास झालाय आणि प्लेअरने त्या विझार्डचं गाव, घरचे लोक, गुरूशी झालेलं भांडण सगळं लिहून आणलंय. आकडा फक्त गेम मास्टरला दिसतोय. तो "नऊ डॅमेज, बेशुद्ध पडलास" एवढंच बोलला तर त्याला फज करणं म्हणतात.

यावरून लोक कडाकडा भांडतात. एक बाजू म्हणते ही सरळ चीटिंग आहे, दुसरी म्हणते अरे गेम मास्टर त्यासाठीच तर बसलाय. दोन्हीकडचे बरेच जण असं धरून चालतात की पूर्वी सगळं कडक होतं आणि हे लाड नंतर सुरू झाले. इतिहास बघितला तर तसं अजिबात नाहीये.

सुरुवात प्रशियाच्या सैन्यात आहे. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या खेळावरून क्रीगस्पील तयार केला, खराखुरा नकाशा, सैन्याच्या तुकड्यांचे ठोकळे, दोन बाजू आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला द्यायच्या, पंच डाइस टाकून तक्त्यात बघायचा किती माणसं पडली, आणि ज्याला जेवढं दिसणं शक्य तेवढंच त्याला सांगायचा. म्हणजे माहिती लपवून ठेवणारा आणि निकाल देणारा एकच माणूस, ही रचना आपल्या छंदाच्या दीडशे वर्षं आधीची आहे. पण तक्ते इतके किचकट झाले की खेळ रेंगाळायचा आणि अधिकारी कंटाळायचे, म्हणून १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते आणि डाइसची सक्ती काढून टाकली आणि सांगितलं की अनुभवी पंचाने स्वतःच्या अकलेने निकाल द्यावा. आकडा मोठा की पंच मोठा, हा वाद तिथेच सुरू झाला आणि आपण अजून तोच घालतोय असं मला वाटतं.

हा धागा अमेरिकेत कसा पोचला ते मला फार आवडतं. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये स्ट्रॅटेगॉस नावाचा युद्धखेळ छापला होता, त्यात पंचाला भरपूर अधिकार होते आणि खेळणाऱ्याला काहीही करून बघायची मुभा होती. ते जुनं पुस्तक मिनेसोटात डेव्ह वेस्लीच्या हाती लागलं, आणि १९६९ मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाचा खेळ चालवला ज्यात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. लोक रुल्समध्ये नसलेल्या गोष्टी करायला लागले आणि वेस्लीला जागच्या जागी निकाल द्यावे लागले. त्या खेळात डेव्ह आर्नेसन होता. त्याने लगेच पुढे ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा खेळ सुरू केला, तिथे रुल्स बरेचसे त्याच्याच वहीत असायचे, प्लेअरने काय करायचंय ते सांगायचं आणि काय झालं ते आर्नेसनने. आता अशा टेबलावर फजिंग झालं की नाही हा प्रश्नच विचारता येत नाही ना, कारण रूल काय आहे हेच समोरच्याला माहीत नाही! फजिंगवर आक्षेप घ्यायला आधी सगळ्यांकडे छापील रुल्स लागतात.

ते छापील रुल्स आले १९७४ मध्ये. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स, तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई १००० प्रती. आणि ते जीवघेणं होतं. नवीन मॅजिक-यूजरचे (म्हणजे जादूगाराचे) हिट पॉइंट एका सहा बाजूंच्या डाइसवर ठरायचे, साध्या फटक्याचं डॅमेज पण तेवढ्याच डाइसवर, म्हणजे एका फटक्यात खेळ खल्लास होणं अगदी नेहमीचं. कॅरेक्टर पाच-दहा मिनिटांत बनत होतं तोवर कोणाला त्याचं फार काही वाटत नव्हतं, मेलं तर दुसरं. पण तेच कॅरेक्टर वर्षभर टिकलं, त्याला नाव, वैरी, किल्ला मिळाला की मग एका वाईट रोलने ते घालवणं जड जातं. फजिंगचं खरं मूळ इथे आहे, रुल्स झटपट मरणाचे आणि लोक मात्र लांबलचक कहाण्या खेळायला लागले होते.

मग १९७९ चं डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक (या खेळात गेम मास्टरला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात). याच्यावर थांबायलाच पाहिजे. गायगॅक्सला तेव्हा सगळीकडे एकसारखे रुल्स हवे होते, कारण कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या मेळाव्यांत, स्पर्धा होत होत्या, १९७५ च्या ओरिजिन्स मेळाव्यात त्यानेच लिहिलेलं टूम ऑफ हॉरर्स हे साहस स्पर्धेत खेळवलं होतं, आणि स्पर्धेत एका टेबलावर दया आणि दुसऱ्यावर नाही असं कसं चालेल. पण त्याच पुस्तकात तो डीएमला साफ सांगतो की डाइसचा निकाल डावलायचा तुला पूर्ण हक्क आहे. एखादा गुप्त दरवाजा सापडला तर खेळ रंगणार असेल तर सापडू दे. आणि प्लेअरने सगळं नीट केलं, डोकं लावून खेळला, तरी डाइसने दगा दिला तर ठार मारायच्या ऐवजी बेशुद्ध कर, हात-पाय तुटू दे, म्हणजे किंमत मोजायला लाव पण जिवंत ठेव. मूर्खपणा केला असेल तर मात्र डाइस म्हणेल तसं. मला हा विचार आजही सगळ्यात पक्का वाटतो कारण यात दया फुकट मिळत नाही आणि ती खेळण्याच्या दर्जाशी बांधलेली आहे.

दरम्यान पडदा पण विकत मिळायला लागला होता. इलिनॉयच्या डिकेटरमधल्या जजेस गिल्ड या प्रकाशकाने १९७७ मध्ये तक्ते छापलेले पुठ्ठे काढले, नंतर डंजन्स अँड ड्रॅगन्स छापणाऱ्या टीएसआरने स्वतःचे. मुख्य काम तक्ते हाताशी ठेवणं आणि नकाशा झाकणं. पण डाइस आयताच आड गेला.

ऐंशीच्या दशकात कारण बदललं. १९८४ पासून ड्रॅगनलान्सची मॉड्युल्स, म्हणजे तयार साहसांची पुस्तकं आली, ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस वगैरे लोकांची, एक मोठी कथा आणि सोबत कादंबऱ्या, आणि त्यात कथेला लागणारी पात्रं मधेच मरून चालणार नाहीत म्हणून एक सोय छापलीच होती, मेला तरी प्रेत सापडणार नाही असा मृत्यू दाखवा म्हणजे पुढे परत आणता येईल. इथे दया प्लेअरवर नाही, प्लॉटवर आहे. गायगॅक्सची सूट आणि ही सूट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि वादात लोक दोन्हीची सरमिसळ करतात. प्लॉट वाचवायला डाइस बदलला की प्लेअरने काहीही ठरवलं तरी गोष्ट त्याच वाटेने जाते, आणि हे मला खरंच वाईट वाटतं.

त्याच काळात काही डिझायनर्सनी वेगळी वाट काढली आणि माझ्या मते तीच जास्त प्रामाणिक. टॉप सीक्रेट या हेरगिरीच्या खेळाने १९८० मध्येच फेम आणि फॉर्च्यून पॉइंट दिले होते, जेम्स बाँडच्या खेळात १९८३ मध्ये हीरो पॉइंट, वॉरहॅमरच्या रोलप्लेमध्ये १९८६ मध्ये फेट पॉइंट. म्हणजे मरणातून सुटायचा हक्क उघडपणे प्लेअरच्या हातात, मोजून, वापरला की संपला. गेम मास्टरला खोटं बोलायची गरजच उरत नाही. १९९१ मध्ये अँबर नावाच्या खेळाने तर डाइसच काढून टाकले.

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, मात्र आपल्याच वाटेने गेलं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत डीएम चीटिंग करू शकतच नाही अशा अर्थाचं लिहिलंय, तो पंच आहे आणि त्याचा शब्द शेवटचा. २०१४ च्या गाइडमध्ये सल्ला असा की लागोपाठ दोन क्रिटिकलनी कोणी मरत असेल तर दुसरा साधा फटका करा किंवा चुकवा, पण फार वेळा नको आणि प्लेअर्सना कळू देऊ नका. शेवटचा भाग मला पटत नाही. कळलं तर मजा जाते हे खरंय, पण मग ती मजा टेबलावरच्या माणसांपासून काहीतरी लपवण्यावर उभी आहे, आणि एकदा का शंका आली की आधीचे सगळे थरारक विजय पण संशयात जातात.

शिवाय डाइस न बदलता पण फज होतंच. त्याच २०१४ च्या रुल्समध्ये गॉब्लिनचे हिट पॉइंट ७ दिलेत आणि शेजारी सहा बाजूंचे दोन डाइस, म्हणजे २ ते १२ मधलं काहीही रुल्सप्रमाणे बसतं. लढाईआधी ठरवलं तर ती तयारी. लढाई चालू असताना ७ चे १२ केले तर फज.

२००० नंतर इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, डिझायनर्सनी हा प्रश्न मुळावरच घेतला. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये खेळ चालवणारा डाइस टाकतच नाही, सगळे रोल प्लेअर्सचे. जुन्या पद्धतीचे खेळ परत आणणारे लोक उलट्या बाजूने तिथेच पोचले, त्यांच्यातले बरेच जण डाइस सगळ्यांसमोर टाकतात आणि पंचाचा निर्णय रोलच्या आधी घ्यायला लावतात, धोका किती आहे ते सांगा, प्लेअरने तरी उडी मारली तर जे पडेल ते पडेल.

ऑनलाइन खेळात तर गंमतच झालीय. रोल२० ही ऑनलाइन खेळायची साइट २०१२ मध्ये आली, तिथे साधा रोल चॅटमध्ये सगळ्यांना दिसतो, लपवायचा असेल तर गेम मास्टरला वेगळी कमांड द्यावी लागते. समोरासमोरच्या टेबलावर झाकलेला रोल सवयीचा होता, इथे तो मुद्दाम निवडावा लागतो. त्यामुळे आता बरेच ग्रुप पहिल्या सेशनच्या आधीच बोलून घेतात, रोल उघडे की झाकलेले, कॅरेक्टर मरू शकतं की नाही, आणि मरणार असेल तर प्लेअरला आधी विचारायचं का.