खोळंब्यानंतरचे गाड्यांचे फेरनियोजन

ओव्हरहेड वायर तुटली, रूळ तडकला किंवा रुळांवर पाणी साचले की मार्ग बंद पडतो. तो कधी सुरू होईल हे ठाऊक नसतानाच गाड्या रद्द करणे, वळवणे, अलीकडच्या स्थानकातून परत फिरवणे किंवा थांबवून धरणे हे ठरवावे लागते. या कामाला फेरनियोजन म्हणतात. पाच-सात मिनिटांचा उशीर वेळापत्रकातल्या राखीव मिनिटांत जिरतो. खोळंब्यात मात्र वेळापत्रकच मोडते.

दुरुस्तीचा पहिला अंदाज कर्मचारी जागेवर पोहोचण्याआधीचा असतो, म्हणून तो बहुधा कमी निघतो. तुटलेल्या वायरपर्यंत टॉवर वॅगन, म्हणजे वायर दुरुस्तीची रुळांवरून चालणारी गाडी, न्यावी लागते आणि तिच्या वाटेत अडकलेल्या लोकलच उभ्या असतात. ‘अर्ध्या तासात होईल’ असे धरून गाड्या सोडत राहिले की त्या दोन स्थानकांच्या मध्ये अडकतात, प्रवासी रुळांवर उतरतात आणि शेजारच्या चालू मार्गावरही गाड्या जपून हाकाव्या लागतात. म्हणून पहिला नियम असा: पुढचा फलाट रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी फलाट सोडणार नाही.

मुंबईत मध्य रेल्वेचा माटुंगा–मुलुंड धीमा मार्ग बंद पडला, तर धीम्या लोकल जलद मार्गावर घेतात. त्या विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला थांबत नाहीत. समजा, जलद मार्गावर दर 4 मिनिटांना गाडी आहे आणि सिग्नल 3 मिनिटांचे अंतर देऊ शकतात. म्हणजे तासाला 15 ऐवजी 20 गाड्या, जास्तीच्या जागा फक्त 5. धीम्या लोकलही तासाला 15 धरल्या, तर त्यांपैकी 10 रद्द कराव्या लागतील किंवा आधीच परत फिरवाव्या लागतील. मधल्या स्थानकांवर थांबणारी लोकल मागच्या जलद लोकलला अडवते, त्यामुळे त्या 5 जागाही पुऱ्या मिळत नाहीत.

परत फिरवणेही कुठेही जमत नाही. सांधे बदलून दुसऱ्या मार्गावर जाण्याची सोय त्या स्थानकात हवी. 12 डब्यांच्या लोकलला सुमारे 250 मीटर फलाट हवा आणि पलीकडच्या टोकाला मोटरमन हवा. एका गाडीला 8 मिनिटे लागली तर एका फलाटावरून तासाला फार तर 7 गाड्या फिरतात. हार्बर मार्गावर मेगाब्लॉकच्या दिवशी सीएसएमटी–कुर्ला आणि पनवेल–वाशी असे तुकडे चालवतात, तो ढाचा खोळंब्यातही उपयोगी पडतो.

गणिती पद्धतींत दुरुस्तीच्या एकाच वेळेवर विसंबत नाहीत. 40, 70 आणि 120 मिनिटे अशा तीन शक्यता धरल्या, तर पहिल्या 40 मिनिटांतले निर्णय तिन्हींसाठी एकच ठेवावे लागतात, कारण तोवर खरी शक्यता कोणती हे कळलेले नसते. नवी खबर आली की पुढचा भाग पुन्हा सोडवायचा. त्यामुळे सुरुवातीला मागे घेता येणारे निर्णय श्रेष्ठ ठरतात. फलाटावर 10 मिनिटे धरलेली लोकल पुढे सोडता येते. कर्जतची लोकल ठाण्यातून फिरवली की तो रेक, म्हणजे डब्यांचा तो संच, कर्जतला पोहोचत नाही, आणि तिच्या मोटरमनची पुढची पाळीही बिघडते.

मार्ग सुरू झाल्यावर हेच निस्तरावे लागते. कर्जत आणि कसाऱ्याहून पहाटे सुटणाऱ्या लोकलचे रेक रात्रीच तिथे हवेत, म्हणून शेवटच्या लोकलनंतर रिकामे रेक तिकडे धाडावे लागतात.