तरण्या कोंबड्याच्या अंगात येतं ते काय?

कालपर्यंत तळहातावरचे दाणे टिपणारं नर पिल्लू एक दिवस मानेची पिसं फुलवून अंगावर धावून येतं, पोटरीला टोच मारतं, आणि पाळणारा हताश होऊन म्हणतो, "लाडानं बिघडलं." मग इंटरनेटवर उपायांची शोधाशोध सुरू होते. त्याला काखेत दाबून फिरवा, मान खाली दाबून धरा, मालक कोण ते कळू द्या! असे व्हिडिओ लाखो लोक बघतात. सगळ्यांमागे समजूत एकच असते, की कोंबड्याचा स्वभाव म्हणजे त्याला लागलेलं वळण. वळणाचा भाग आहेच, पण सुरुवात कोंबड्याच्या पोटापासून करायला हवी.

पोटापासूनच, कारण पक्ष्यांचे वृषण शरीराबाहेर नसतात. ते पोटात, कण्यालगत, मूत्रपिंडांजवळ असतात. या जागेमुळेच १८४९ मध्ये एक विलक्षण प्रयोग शक्य झाला. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातले आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोवळे नर घेतले. त्यांतल्या दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. पुढच्या दोघांचा एक वृषण काढला आणि दुसरा मूळ जागेवरून सोडवून पोटातच सुटा ठेवला. उरलेल्या दोघांमध्ये अदलाबदल केली, म्हणजे याचा वृषण त्याच्या पोटात आणि त्याचा याच्या.

पहिल्या जोडीचे तुरे फिके आणि खुरटे राहिले. ते धड आरवेनात, भांडेनात, कोंबड्यांच्या मागे लागेनात. बाकीचे चौघे मात्र व्यवस्थित कोंबडे झाले: लालभडक तुरा, बांग, मारामाऱ्या, सगळं काही. नंतर बेर्टोल्डनी त्यांची पोटं उघडून पाहिली. वृषण आतड्याला चिकटून रुजले होते आणि त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जुने मज्जातंतू तर तुटलेलेच होते. म्हणजे वृषणाचा निरोप मेंदूपर्यंत आणि तुऱ्यापर्यंत मज्जातंतूंवाटे जात नव्हता, तो रक्तातून जात होता. अशा रक्तातून जाणाऱ्या निरोप्याला आज 'हॉर्मोन' किंवा संप्रेरक म्हणतात, पण 'हॉर्मोन' हा शब्दच १९०५ सालचा. त्याच्या अर्धशतक आधी, चार-पाच पानांच्या निबंधात, सहा कोंबड्यांवर हे सिद्ध झालं होतं. जीवशास्त्रात इतका नेटका प्रयोग मला तरी दुसरा आठवत नाही.

पुढे हा तुरा मोजपट्टीच झाला. वृषण काढलेल्या कोंबड्याला एखादा अर्क टोचायचा आणि तुरा किती वाढतो ते मोजायचं. याच कसोटीच्या मदतीनं १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी वळूंच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणाचं ते संप्रेरक, वेगळं काढलं. वृषण लागले सुमारे १०० किलो, हाती आलं जेमतेम १० मिलिग्रॅम.

हे टेस्टोस्टेरॉन वाढायचा हुकूम येतो मेंदूतून. पक्ष्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागात, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. उजेड कवटीतून झिरपून थेट तिथे पोहोचतो, डोळ्यांची गरज लागत नाही. दिवस लांबला की हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्यामुळे त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. ते फार झालं की हायपोथॅलॅमसलाच उलटा लगाम बसतो. साखळी लांब आहे, पण तरण्या कोंबड्याचा 'माज' म्हणतात तो हाच.

कोंबडी आरवली तर अपशकुन मानून तिचा जीव घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कोंबडीचा सहसा डावाच अंडाशय काम करतो. तो आजारानं निकामी झाला तर उजवीकडचा सुप्त अवयव कधी कधी वाढून पुरुषी संप्रेरकं स्रवू लागतो, आणि कोंबडीचा तुरा वाढतो, ती बांगही देते. आजारी कोंबडीत भुताटकी शोधण्यापेक्षा पशुवैद्य शोधावा. १४७४ मध्ये बाझेल शहरात 'अंडं घालणाऱ्या कोंबड्या'वर रीतसर खटला चालवून त्याला जाळलं होतं. आपण तितके पुढारलेले नाही, एवढंच समाधान.

मात्र सगळं रसायनावर ढकलूनही चालत नाही. माणसांनीच वाढवलेलं नर पिल्लू माणसालाही आपल्या कळपातलं समजू लागतं, आणि वयात आल्यावर कळपातल्या नराला आव्हान देतात तसं त्यालाही देतं. त्यात भांडखोरपणा काही अंशी वंशातूनही येतो, त्यामुळे काखेत धरून फिरवल्यानं फार काही साधेल असं वाटत नाही.

शिवाय प्रत्येक कळपात एक उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली: कोण कोणाला टोचणार आणि कोण मुकाट्यानं सरकणार. ही उतरंड बांगेलाही लागू असते. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, आणि २०१३ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही शरीरातल्या घड्याळाच्या हिशोबानं पहाटेची बांग देतोच. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की कळपात पहिली बांग वरिष्ठाची असते आणि बाकीचे उतरत्या क्रमानं त्याच्या मागून आरवतात. वरिष्ठाला बाजूला काढलं की दुसऱ्या क्रमांकाचा पहिला होतो. म्हणजे तरण्या कोंबड्याचं घड्याळ बरोबरच चालत असतं, तो फक्त थांबून असतो.

माद्यांच्या बाबतीत त्याला थांबणं जमत नाही. जाणता कोंबडा एक पंख खाली सोडून कोंबडीभोवती घिरट्या घालतो, दाणा उचलून-टाकून 'टुकटुक' करत तिला बोलावतो. तरणा बरेचदा थेट झडप घालतो. त्याचा फायदाही कमीच होतो, कारण कनिष्ठ नराचं वीर्य कोंबड्या अनेकदा बाहेर टाकून देतात.

पण काही कनिष्ठ नर दाण्याचा खेळ वेगळ्या पद्धतीनं खेळतात. मान वर-खाली करत दाणा दाखवायचा, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज झाला तर वरिष्ठ धावून येणार. तेच वरिष्ठाचं लक्ष दुसरीकडे असलं, की हाच कोंबडा हालचालींना टुकटुकीची जोड देऊ लागतो.