आफ्टरमार्केट एक्झॉस्टची फिटिंग

गाडीचा मूळ एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे बाहेर नेणारी नळ्यांची साखळी, काढून त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा पाइप, सायलेन्सर किंवा पूर्ण सेट बसवला, की त्याला आफ्टरमार्केट एक्झॉस्ट म्हणतात. तो जागेवर नीट न बसणे ही या कामातली जुनी तक्रार आहे. फ्लँजची (पाइपच्या तोंडावरच्या, बोल्टने जोडायच्या पट्टीची) भोके जुळत नाहीत, पाइप क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला) घासतो, सांध्यातून गॅस गळतो किंवा मागचे टोक बंपरच्या खाचेत वाकडे येते. बोलताना या सगळ्यालाच ‘सायलेन्सर’ म्हणायची सवय आहे. प्रत्यक्षात सायलेन्सर हा या साखळीतला जवळजवळ शेवटचा दुवा. त्याच्या पुढे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा मॅनिफोल्ड, तिथून खाली येणारा डाउनपाइप, विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लवचीक फ्लेक्स जोड, मधला पाइप आणि बऱ्याचदा आवाज मवाळ करणारा रेझोनेटर असतो.

ही साखळी फक्त पुढच्या टोकाला, इंजिनाशी, बोल्टने घट्ट बांधलेली असते. बाकीची रबरी हँगरवर लोंबकळते, आणि हे मुद्दामच केलेले असते. इंजिन स्वतः रबरी माउंटवर डुलते. आडवे बसवलेले इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पुढे-मागे झुकते आणि पाइपला सोबत ओढते. शिवाय लोखंड तापले की वाढते. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा २ मीटरचा पाइप सरासरी ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे १० मिलिमीटर लांब होतो. ४०९ जातीचे स्टील त्याहून कमी वाढते, साधारण ७ मिलिमीटर. म्हणून गाडी थंड आणि उभी असताना पाइप व बॉडी यांच्यात बोटभर फट दिसली, तरी ती रस्त्यावर पुरेलच असे नाही. पाइपभोवती सगळीकडून २० ते २५ मिलिमीटर मोकळीक असावी. ब्रेकचा होज, इंधनाची नळी किंवा प्लॅस्टिकची टाकी जवळ असेल तर त्याहून जास्त हवी, किंवा मध्ये हीट शील्ड तरी हवे.

नवख्याला सर्वांत जास्त चकवतो तो कोन. पुढच्या सांध्यात पाइप फक्त १ अंशाने कलला, की २ मीटर मागे त्याचे टोक सुमारे ३५ मिलिमीटर सरकलेले असते. त्यामुळे पाइप जिथे घासतो तिथे दोष क्वचितच सापडतो. मागच्या अ‍ॅक्सलवरचा खडखडाट ऐकून माणूस मागचा हँगर वाकवायला घेतो, आणि चूक दीड मीटर पुढच्या फ्लँजमध्ये बसलेली असते. शोध नेहमी इंजिनाकडून मागे करावा.

मुळात पाइप चुकीचा येतो तरी का? बऱ्याचदा तो त्या गाडीचा नसतोच. एकाच मॉडेलच्या नावाखाली सेडान आणि हॅचबॅक, दोन चाकी आणि चार चाकी ड्राइव्ह, वेगवेगळी इंजिने, बदललेल्या प्रदूषण मानकांचे वेगवेगळे कन्व्हर्टर असे अनेक प्रकार विकले जातात. व्हीलबेस, इंधन टाकीचा आकार किंवा हँगरच्या जागा यांतला एखादा फरक सेट निकामी करायला पुरतो. दुसरे कारण कारखान्यातले आहे. पाइप जिगवर, म्हणजे तुकडे ठरल्या जागी धरणाऱ्या साच्यावर, पकडून वेल्ड करतात. वेल्ड थंड होताना आक्रसते आणि फ्लँजला आपल्याकडे ओढते. जिग झिजलेला असेल किंवा तुकडा पुरता थंड व्हायच्या आत सोडला, तर फ्लँज किंचित तिरकी राहते. बेंडचाही प्रश्न असतो. मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून, वाकवलेल्या पाइपचा व्यास वळणातही टिकतो. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणात चपटतो आणि तिथे गॅसची वाट अरुंद होते.

पाइपला दोष देण्याआधी गाडीकडेही पाहिले पाहिजे, आणि हे बहुतेक जण विसरतात. इंजिन माउंट खचलेले असतील तर अख्खा डाउनपाइप खाली येतो. जुने हँगर रबर ताणून लांबलेले असते. त्यावर नवा, अचूक पाइपसुद्धा खाली लोंबतो. अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत हँगरचे आकडे (हूक) मूळ जागी असतीलच याची खात्री नसते. पाइप परत पाठवण्याआधी नवी रबरे बसवून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मापांतला गोंधळ वेगळाच. २.५ इंची पाइप म्हणजे सहसा ६३.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास. एकात एक सरकणाऱ्या स्लिप जोडात एका तुकड्याचा आतला व्यास दुसऱ्याच्या बाहेरच्या व्यासाला जुळावा लागतो. कोणते माप दिले आहे हे न पाहता मागवले, की दोन सारख्या तोंडांचे पाइप समोरासमोर येतात. स्लिप जोडात ४० ते ५० मिलिमीटर एकमेकांत गेलेले असावे. त्याहून कमी असेल तर जोड हलतो आणि गळतो.

क्लॅम्प निवडतानाही चुका होतात. यू-बोल्ट स्वस्त आणि पक्का असतो, पण पाइप इतका दाबतो की पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, कापावाच लागतो. रुंद पट्ट्याचा बँड क्लॅम्प चारी बाजूंनी सारखा दाब देतो. व्ही-बँडमध्ये दोन फ्लँजच्या उतरत्या कडा एकाच पट्ट्याने आवळल्या जातात; घट्ट करण्याआधी पाइप हवा तसा फिरवता येतो, म्हणून जुळवणीसाठी तो सर्वांत सोयीचा. त्याच कुळातला मार्मन क्लॅम्प पहिल्यांदा तयार केला तो झेपो मार्क्स यांच्या कंपनीने. हे तेच मार्क्स ब्रदर्स या जुन्या हॉलिवूडमधल्या विनोदी भावंडांमधले नट. गाडीखाली पडल्या पडल्या आठवायला बरे.

काही गाड्यांत डाउनपाइप आणि मधल्या पाइपमध्ये गोलाकार गॅस्केट व स्प्रिंगचे बोल्ट असतात. हा सांधा थोडा हलावा म्हणूनच स्प्रिंग दिलेली असते. गळती थांबेना म्हणून तिथे साधे बोल्ट घालून करकचून आवळले, की इंजिनाचा सगळा डोल मॅनिफोल्डवर येतो आणि काही काळाने तडा जातो.

गळती केवळ आवाजापुरती नसते. केबिनखाली गळणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर दाबाच्या चढउतारात बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटते मिश्रणात इंधन कमी आहे, आणि इंजिनाचा संगणक नाहक इंधन वाढवतो. सेन्सरचा आटा बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटर व्यासाचा आणि १.५ मिलिमीटर पीचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो, त्यामुळे तो नव्या पाइपमध्ये सहज बसतो. तरी वायर पुरते का आणि सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात येतो का, हे पाहावे. खालच्या बाजूला लावलेल्या सेन्सरवर साचलेले पाणी येते. कन्व्हर्टर बदलल्यावर पी०४२० हा कोड, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसल्याची संगणकाची नोंद, दिसला, तर फिटिंगसोबत कन्व्हर्टरची क्षमताही तपासावी लागते.

जुना पाइप काढायच्या आदल्या दिवशी गंजलेल्या बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवले की निम्मे भांडण मिटते. रबरातून आकडा सुटत नसेल तर साबणाचे पाणी चालते. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नये, खाली स्टँड हवेच. नवा सेट आधी संपूर्ण सैल जोडावा, सगळे हँगर अडकवावेत, पाइप फिरवून मोकळीक पाहावी आणि मगच पुढून मागे एकेक सांधा आवळत जावे. एकेक तुकडा पूर्ण घट्ट करत मागे जाणे हीच सर्वांत सामान्य चूक. प्रत्येक सांध्याचा उरलेला वाकडेपणा शेवटच्या टोकाशी साचतो. मागचे सस्पेन्शन चाके लोंबकळताना वेगळ्या जागी असते, त्यामुळे अ‍ॅक्सलजवळची फट गाडी चाकांवर उभी करून पुन्हा पाहावी लागते.

तरीही न जुळल्यास फ्लँजची भोके कानशीने थोडी लांबट करता येतात, हँगरचा आकडा तापवून वाकवता येतो, किंवा पाइप कापून फिरवून पुन्हा वेल्ड करता येतो. बोल्टच्या जोरावर पाइप ओढून बसवणे मात्र टाळावे. तो बसतो खरा, पण ताणात राहतो आणि पहिल्यांदा फ्लेक्स जोडाची जाळी फाटते.

पर्यायी सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ५९ क्रमांकाचा आणि पर्यायी कन्व्हर्टरसाठी १०३ क्रमांकाचा नियम आहे. हे नियम आवाज आणि धूर पाहतात. पाइप क्रॉसमेंबरला घासतो का, हे जागेवरच पाहावे लागते. पहिल्या काही मिनिटांत निघणारा धूर बहुधा पाइपवर राहिलेल्या तेलाचा असतो. दोन-चार वेळा तापून थंड झाल्यावर क्लॅम्प सैल पडतात, तेव्हा ते पुन्हा आवळावे लागतात. त्याच वेळी खाली वाकून पाइपवर कुठे घासून चकाकलेला ठिपका दिसतो का, तेही पाहावे.